ऐकू न आलेली झणझण

आमच्या घरात मला सगळं विचारतात. किल्ल्या कुठे ठेवल्यात, पाहुण्यांना चहा करायचा की कॉफी, अमक्याच्या लग्नाला जायचं की नुसतं फोनवर भागवायचं. आवाजाचा प्रश्न निघाला की मात्र मी त्या खोलीत असून नसल्यासारखी. आमचे हे व्हायोलिनं दुरुस्त करतात. पुढे दुकान, मागे घर. ह्यांच्या आधी हेच काम सासरे करायचे. त्यांना सगळे आबा म्हणायचे, आणि दुरुस्तीबरोबर ते स्वतःची नवी व्हायोलिनंही बनवायचे. ह्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, शहराच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवतात. आणि अशा घरात मी येऊन पडले, जिला शाळेत समूहगीताच्या वेळी बाई नुसते ओठ हलवायला सांगायच्या.

लग्न होऊन आले तेव्हा आबांनी कौतुकाने मला दोन व्हायोलिनं वाजवून दाखवली आणि यातलं कुठलं गोड वाटतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, दुसरं, त्याचा रंग छान आहे. आबा हसले ते मायेने हसले. ताईंचं हसणं वेगळं होतं. "आमच्या भावजयीला रंग ऐकू येतो," हे वाक्य त्यांनी पुढे इतक्या लोकांपुढे म्हटलं की आबा गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकीही एकाने मला ते ऐकवलं. मीही हसते. न हसून सांगते कुणाला?

तर गेल्या आठवड्यात ताई आल्या त्याच तणतणत.

"झणझण येतेय," पेटी टेबलावर ठेवता ठेवता त्या म्हणाल्या. "सगळ्यात जाड तारेवर. धड रोज येईल तर शप्पत. घरी निवांत वाजवते तेव्हा नाही, आणि तालमीला बसलं की हटकून येणार. मुद्दाम करते मेली."

त्यांचा जीव टांगणीला लागला होता त्याला कारण होतं. वाद्यवृंदात उभं आयुष्य मागच्या रांगेत काढल्यावर ह्या वेळी पहिल्यांदाच त्यांना एकटीने पुढे उभं राहून वाजवायचं होतं. तेही आबांच्या व्हायोलिनवर. आबांनी हात थरथरायला लागण्याआधी बनवलेलं ते शेवटचं, आणि खास लेकीसाठी बनवलेलं. त्यावर एकदा पुढे उभी राहा, एवढंच आबा त्यांना म्हणत राहिले, आणि ते काही त्यांच्या डोळ्यांदेखत झालं नाही. आता होणार होतं.

"आणि माझं वाजवणं सुरूच होतं त्या जाड तारेवर," ताई म्हणाल्या. "अख्खं सभागृह गप्प, मी एकटी, आणि पहिलाच सूर झणझणत बाहेर. रांगेतल्या बाया तर टपूनच बसल्यात."

"वाजव, बघू," हे म्हणाले.

ताईंनी कागद स्टँडवर लावले, चष्मा चढवला आणि वाजवायला लागल्या. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. हे डोळे मिटून उभे. वाजवता वाजवता ताईंचं तोंड कडू औषध प्यायल्यासारखं झालं आणि त्या थांबल्या.

"आली?"

"परत एकदा," हे म्हणाले.

परत वाजवलं. "आता?"

मान एकीकडे कलती करून हे व्हायोलिनकडे बघत राहिले. ताईंच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. मग त्या गर्रकन माझ्याकडे वळल्या.

"तू सांग. तुला येते ना ऐकू?"

मला व्हायोलिन ऐकू आलं होतं. व्हायोलिनसारखंच. त्याच्या आत आणखी काही झणझणत होतं म्हणाल, तर आईशपथ नाही. पण ताई माझ्याकडे बघत होत्या, चेष्टेने नाही, खरंच उत्तर हवं असल्यासारख्या. लग्न झाल्यापासून मला हा मान मिळाला नव्हता. आणि शाळेपासूनची ओठ हलवायची सवय.

"हो, येते की," मी म्हटलं. एवढ्यावर गप्प बसावं ना! नाही. "बाटलीत माशी अडकल्यासारखी."

"अगदी!" ताई ओरडल्याच. "अगदी बाटलीतली माशी! बघ, हिलासुद्धा ऐकू येतेय, आणि तू कसला डोळे मिटून उभा आहेस?"

ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "आहे. जराशी आहे."

ताई चहा प्यायल्या, दोनदा छान झालाय म्हणाल्या, आणि सरावासाठी दुकानातलं दुसरं व्हायोलिन घेऊन गेल्या. जाताना दारात माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "उशिरा का होईना, कान उघडले बाई तुझे." मी किती खूश झाले ते सांगायचीही लाज वाटते. संध्याकाळपर्यंत मी भांडी घासतानासुद्धा गुणगुणत होते, तेही अर्थात बेसूर.

दुसऱ्या दिवशी हे कामाला लागले. तारेचा नको तो आवाज शोधायचा म्हणजे चोर शोधण्यासारखं, घरातल्या प्रत्येकावर संशय घ्यायचा. तारेवरचं बारीक वेष्टण कुठे सुटलंय का ते नखाने पाहिलं. तार घट्ट करायचा छोटा स्क्रू आवळला. हनुवटी टेकायची वाटी काढून परत बसवली. तारा ज्या खाचांमधून जातात त्या खाचा घासून गेल्यात का ते भिंगातून बघितलं. मग बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करत सगळं व्हायोलिन फिरून आले, सांधा सुटला असेल तर तिथे पोकळ वाजतं म्हणून. कुठेच काही नाही. दर वेळी ते जाड तार वाजवायचे, थांबायचे, परत वाजवायचे. मी आतून ऐकायचे, आणि दर वेळी मला व्हायोलिन ऐकू यायचं.

दुपारी मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. हे आत आले आणि त्यांनी मागे दार लोटलं. आमच्याकडे ते दार लोटायची कधी वेळच येत नाही.

"अगं, एक विचारू?" ते म्हणाले. "काल ती झणझण तुला खरंच ऐकू आली ना?"

हा प्रश्न ताईंच्या प्रश्नासारखा नव्हता. त्यात त्यांचा चेहरा पार उतरलेला होता. माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणून सुटता येणार नाही, कारण आलं होतं. ह्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी हो म्हटलं होतं ते मी म्हटलं म्हणून. आणि आता जिला रंग ऐकू येतो तिलाही जे ऐकू येतं, ते आपल्याला का येत नाही, ह्या विचाराने माणूस आतून पोखरला होता. कानांवर पोट असलेला माणूस.

तेव्हा सांगायचं. 'अहो, मी आपलं उगीच म्हटलं' एवढं म्हणायचं. ते हसलेसुद्धा असते. पण सकाळीच ताईंचा फोन येऊन गेला होता, आणि त्यांनी ह्यांना बजावलं होतं, काही अडलं तर तिला विचार, तिला नीट ऐकू येते. फोन स्पीकरवर होता, ते मी दाराआडून ऐकलं होतं. ते सगळं एका वाक्यात खाली ठेवायचं माझ्या जिवावर आलं.

"आली म्हणजे काय, आलीच," मी म्हटलं, आणि भाजीत मान घातली.

"बरं," ते म्हणाले आणि गेले.

थोड्या वेळाने दुकानातून त्यांचा फोनवरचा आवाज आला. "ताई, सापडलं बहुतेक. आतली पट्टी." वरच्या फळीला आतून, जाड तारेच्या बाजूला, एक लांब पट्टी सरसाने चिकटवलेली असते. ती कुठे जराशी सुटली की जाड तार कुरकुरते म्हणे. "आरशाने आत बघितलं, पण आरशात अर्धीच दिसते. उघडावं लागेल. आबांचा सरस सुटलाय असं दिसतं."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांच्या आवाजात काळजी होती तशी थोडी चवही होती. मी बायको आहे, मला ती ओळखता येते. दुकानात येणारा प्रत्येक जण व्हायोलिन हातात घेतो, आणि ह्यांच्या कामाची तारीफ करता करता शेवटी म्हणतोच, "तरी आबांचा हात तो आबांचा हात." हे मान डोलावतात. इतकी वर्षं मान डोलावून माणसाच्या मानेला काही होत नसेल, पण मनाला होत असणार.

व्हायोलिन उघडायचं म्हणजे वरची फळी कडेने सुटी करायची. बोथट पात्याची पातळ सुरी सांध्यात घालायची, थोडं ओलं करायचं, हळूहळू पुढे सरकायचं. सरस सुटतो तसा टक टक आवाज होतो. एकदा उघडलं की ते परत पूर्वीसारखं बोलेल का, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून हे शक्यतो उघडत नाहीत. गिऱ्हाइकं हट्ट धरून बसली तरी नाही म्हणतात.

मी दारात येऊन उभी राहिले. त्यांनी तारा उतरवल्या होत्या, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी काढून बाजूला ठेवली होती. तारांशिवाय ते व्हायोलिन अंगावरचे कपडे काढल्यासारखं केविलवाणं दिसत होतं. हे सुरी पुसत होते.

"अहो," मी म्हटलं.

"काय?"

"उघडायलाच हवं का?"

"तूच सांग. तुला ऐकू येतेय, तिला येतेय. बाहेरून सगळं बघून झालं. मग राहिलं काय?" त्यांनी माझ्याकडे न बघता सुरीचं टोक सांध्यावर टेकवलं. "आता बोलू नकोस. हात हलेल."

आणि मी बोलले नाही. ह्यांनीच बोलू नकोस म्हटलं होतं, ही पळवाट मी लगेच उचलली. ओट्यापाशी जाऊन नळ मोठा सोडून उभी राहिले. पाण्याच्या आवाजातूनही टक टक येत होतं. एका बाजूने झालं, वळणावरून पुढे गेलं, मग जरा थांबलं, कारण तिथे सरस सुटत नव्हता. आबांचा सरस कुठेच सहजी सुटत नव्हता. मग एक आवाज झाला. वाळकी काटकी पायाखाली मोडावी तसा, कोरडा, छोटासा. तो मला एवढा स्वच्छ ऐकू आला की माझ्या हातातली वाटी सुटली.

बाहेर गेले तेव्हा हे स्टुलावर बसले होते. वरची फळी सुटी झाली होती आणि तिच्यावर खालच्या कडेपासून वरच्या दिशेने, बोटभराहून लांब, एक सरळ फट गेली होती. आतली पट्टी दिसत होती. ह्यांनी तिच्यावरून नख फिरवलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"घट्ट आहे," ते म्हणाले. "जराही सुटलेली नाही."

त्यांनी त्या सगळ्यावर एक पांढरं फडकं घातलं आणि जेवायला नको म्हणाले.

सकाळी ताई आल्या. सांगून नाही, अशाच, आणि दुकानातून नेलेलं व्हायोलिन पेटीतून काढत आल्या.

"तुझ्या दुकानात एक तरी धड व्हायोलिन आहे का रे?" त्या म्हणाल्या. "हेही झणझणतंय! तीच माशी!"

हे उठून उभे राहिले. त्यांची पाठ टेबलाकडे होती, फडक्याच्या बरोबर पुढे. "वाजव," ते म्हणाले.

ताईंनी कागद लावले, चष्मा लावला, वाजवलं. हे दोन पावलं पुढे गेले. मग आणखी पुढे, इतके की त्यांचा कान ताईंच्या गालाला लागेल. मग त्यांनी भिंतीवरचं तिसरंच एक व्हायोलिन उतरवून ताईंच्या हातात दिलं. वाजवलं. ताई म्हणाल्या, "ह्यातही! काय जादूटोणा आहे हा?"

"ताई," हे अगदी हळू म्हणाले, "चष्मा काढ."

"कागद दिसणार नाहीत."

"कागद नकोत. नुसती जाड तार वाजव."

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि वाजवलं. मग थांबून परत वाजवलं. त्यांचे डोळे मोठे झाले.

ह्यांनी चष्मा उचलला आणि दांडी दोन बोटांत धरून हलवली. जिथे दांडी दुमडते तिथला स्क्रू ढिला झाला होता. हनुवटी व्हायोलिनवर टेकली की त्याची थरथर जबड्यातून कानापर्यंत जाते, आणि जाड तारेच्या थरथरीला तो स्क्रू साथ द्यायचा, ताईंच्या कानाला अगदी लागून. बाहेर उभ्या माणसाला ती झणझण ऐकू येण्याचं कारणच नव्हतं, आणि घरी पाठ असलेलं वाजवताना ताईंना चष्मा लागतच नव्हता.

"सगळ्या गिऱ्हाइकांना मी आधी हेच सांगतो," हे म्हणाले. "कानातलं काढा, साखळी काढा, चष्मा काढा. तुला नाही सांगितलं. तुला काय सांगायचं, म्हटलं."

आणि ताई हसायला लागल्या. इतक्या मोकळेपणाने हसताना मी त्यांना क्वचित पाहिलंय. "अरे देवा, नवा चष्मा! म्हातारी झाले रे मी! आणि बिचाऱ्या आबांच्या व्हायोलिनला शिव्या घातल्या! ते ठणठणीत आहे म्हणजे! काढ, काढ, दे ते इकडे. उघडलं तर नाहीस ना अजून? आजची तालीम त्याच्यावरच..."

बोलता बोलता त्या फडक्यापाशी पोचल्या होत्या. ह्यांनी हात पुढे केला, पण अडवलं नाही. ताईंनी फडकं उचललं.

दुकानात घड्याळं नाहीत, वाजणारं काही नको म्हणून आबांनी ठेवलीच नव्हती. त्यामुळे तिथली शांतता फार मोठी असते.

"ही फट आधी नव्हती," ताई म्हणाल्या.

"नाही."

"पट्टी?"

"घट्ट आहे."

ताईंनी फटीला हात लावला नाही. जवळ नेलेला हात मागे घेतला. "माझ्या मेल्या चष्म्यापायी," त्या म्हणाल्या, आणि मग एकदम ह्यांच्याकडे बघितलं. "पण तू तर म्हणालास तुला ऐकू आली. चष्म्यातली झणझण तुला तिथे उभं राहून ऐकू आली?"

हे खाली बघत होते. "नाही आली."

"मग?"

"तुला येत होती. हिला येत होती. मला नव्हती येत. मला वाटलं... ताई, माझे कान गेलेत बहुतेक. बरेच दिवस शंका होती. मी हो म्हटलं आणि त्या हो-साठी आबांचं व्हायोलिन फोडलं. हे काम आता मी करू नये. हातातली आहेत तेवढी परत करतो आणि बंद करतो."

ते इतक्या सरळपणे म्हणाले की आधीच ठरवलेलं होतं हे कळत होतं. व्हायोलिन फडक्याखाली ठेवून ते रात्रभर हाच विचार करत पडले असणार, माझ्याच शेजारी. आणि मी झोपेचं सोंग घेऊन पडले होते.

"मलाही नव्हती आली," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"मला काही ऐकू आलं नव्हतं. तेव्हाही नाही, नंतरही नाही. माशीबिशी मी आपली लावली. तुमच्या कानांना काही झालेलं नाही."

ताईंचं तोंड उघडं राहिलं. "मग हो का म्हणालीस?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"म्हणजे काय? विचारलं तर नाही म्हणता येत नाही?"

"येतं," मी म्हटलं. "पण मला कधी कोणी विचारत नाही ना. विचारलंत, तर वाटलं, हो म्हणावं." हे बोलून दाखवल्यावर ते किती क्षुल्लक वाटलं! एवढ्यासाठी. मला वाटलं ताई आता फाडून खातील, आणि खाल्लं असतं तर बरंच झालं असतं. पण त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला आणि त्या माझ्याकडे बघायच्या थांबल्या. त्यांनाही काहीतरी आठवत असावं, आणि ते मी त्यांना आठवायला लावायला नको होतं. माझ्या चुकीत त्यांचा वाटा काढायला मी निघाले नव्हते.

आणि हे. ह्यांनी कानाजवळ हात नेऊन चुटकी वाजवली. मग दुसऱ्या कानाजवळ. आणि त्यांचा चेहरा असा उजळला, परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा, की मला तिथे उभं राहवेना. माणूस बायकोवर चिडतो, ओरडतो. हा माणूस आनंदला होता. त्याला इतकी भीती वाटत होती, आणि ती भीती मी त्याला भाजी निवडता निवडता दिली होती.

ह्यांनी बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन ताईंच्या चष्म्याचा स्क्रू पिळला. एकच पीळ. एवढीच दुरुस्ती होती. ताईंनी चष्मा घातला, दुकानातलं व्हायोलिन परत पेटीत ठेवलं. आबांचं कार्यक्रमाआधी वाजवण्याजोगं होणार नव्हतं, ते कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती. दारात थांबून त्या माझ्याकडे वळल्या, काहीतरी म्हणणार होत्या, मग "येते" एवढंच म्हणाल्या.

दुपारी ह्यांनी मला हाक मारली. फट चिकटवायची होती आणि त्यांना दोन हात कमी पडत होते. सरस गरम करून ठेवला होता, शेजारी कडा आवळून धरायचे छोटे शिकंजे मांडले होते. त्यांनी तो ब्रशने फटीत भरला, खालून दाबून आत जिरवला, आणि मला दाखवलं, फळीच्या दोन्ही कडा तळव्यांत घेऊन कशा एकमेकींकडे दाबायच्या, फार जोरात नाही, पण सोडायच्याही नाहीत.

"मी शिकंजे लावेपर्यंत हलायचं नाही," ते म्हणाले. "सरस थंड व्हायला लागला की कडा सरकतात."

मी धरून बसले. ते एकेक शिकंजा उचलून लावायला लागले, घाईने नाही. फटीतून सरसाचे छोटे थेंब वर आले आणि माझ्या बोटांना लागले.

"मला वाटत होतं की पट्टी सुटलेली असावी," ते मध्येच म्हणाले. "आरशात बघितलं तेव्हा काही दिसलं नाही, तरी मला वाटत होतं. आबांचं एक तरी काम सुटलेलं निघावं. आता ताईला हे कसं सांगू?"

"सांगू नका," मी म्हटलं.

"तू तरी सांगितलंस ना."

"उशिरा सांगितलं."

त्यांनी पुढचा शिकंजा फिरवला. मग त्याच्या पुढचाही. मला वाटलं झालं, संपलं, मिटलं. मग तशाच सावकाश आवाजात, फटीकडे बघत ते म्हणाले,

"ताईला हो म्हणालीस ते मला कळतं. तिच्यापुढे मीही हो म्हणालो. पण मी नंतर आत आलो होतो. दार लावून विचारलं होतं."

मला रडू फुटलं. तोंड पदरात घ्यावं, निदान मान तरी फिरवावी, पण हात कडांवर होते आणि हलायचं नव्हतं. ते माझ्या समोरच बसले होते. गालावरून पाणी वाहत राहिलं आणि मी ते त्यांना दिसू दिलं.

"घट्ट धर," ते म्हणाले. "अजून दोन राहिलेत."